आई-वडिलांचा दावा कोर्टात, मुलाचा चाचणी-अहवाल आपल्याकडे: कुणाला काय द्यायचं?

प्रश्न : मनोमापन_कक्ष

मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करणाऱ्या एका खासगी केंद्रातून विचारते आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलगा चौथीत. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचं उतरवून घेण्यात वर्गात सगळ्यांच्या मागे, तोंडी विचारलं तर मात्र धडाधडा उत्तरं देतो. आईने आणलं. बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी आणि निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन-अक्षमतेची बॅटरी (चाचण्यांचा संच) झाली. बुद्ध्यांक ८३. अहवाल आईच्या हातात दिला. नवरा-बायकोचा कौटुंबिक न्यायालयात दावा चालू आहे, हे अहवाल दिल्यावर समजलं.

आता एका आठवड्यात तिघांच्या तीन मागण्या आल्या आहेत. वडिलांच्या वकिलाची नोटीस: १५ दिवसांत अहवाल आणि 'चाचणीचे सर्व मूळ कागद' द्या. मुख्याध्यापिकांचा निरोप: अहवालाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. आणि आईची विनंती: अध्ययन-अक्षमतेच्या प्रमाणपत्राला बुद्ध्यांक ८५ लागतो म्हणतात, दोनच गुणांचा प्रश्न आहे, तेवढं बघा, शिवाय 'मूल वडिलांना घाबरतं' असं एक पत्र वकिलांना हवंय.

आईला 'नाही' म्हणायचं हे कळतं. पण कोणत्या शब्दांत? आणि बाकी दोघांना काय द्यायचं, काय नाही?

---

उत्तर : नोंदवही (नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ)

आधी शाळेचं, कारण ते सोपं आहे. पूर्ण अहवाल शाळेला जात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आपल्या अहवालात गर्भारपणातल्या अडचणी, घरातली भांडणं, आजोबांचं व्यसन, मूल रात्री अंथरूण ओलं करतं, हे सगळं असतं. शिक्षकांच्या खोलीत एकदा ते वाचलं गेलं की त्या मुलाला पुढची सहा वर्षं त्याच नजरेने पाहिलं जातं. शाळेला कळायला हवं ते एवढंच, की वर्गात काय बदल करायचे. त्यासाठी पालकांच्या लेखी परवानगीने एक पानाचं पत्र द्या, त्यात आकडा घालू नका.

आईच्या पत्राबद्दल. ज्या माणसाला आपण तपासलेलं नाही, त्याच्या स्वभावाबद्दल किंवा पालकत्वाबद्दल एक ओळही लिहायची नाही. मूल चाचणीच्या वेळी काही बोललं असेल, आपल्या नोंदीत त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत अवतरणचिन्हात लिहिलेलं असेल आणि अहवालाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध असेल, तर ते अहवालात येऊ शकतं. आता मागाहून, एका बाजूच्या सांगण्यावरून स्वतंत्र पत्र देणं म्हणजे चाचणी घेणाऱ्याने साक्षीदाराची टोपी घालणं. मूल कुणाकडे राहावं हे ठरवण्यासाठीचं मूल्यमापन हे काम वेगळंच आहे. त्यात दोन्ही पालकांच्या मुलाखती होतात, दोघांबरोबर मुलाला वेगवेगळं पाहिलं जातं, आणि नेमणूक शक्यतो न्यायालयाकडून झालेली असते. वाचनाच्या तक्रारीसाठी केलेल्या चाचणीवरून त्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. आईला हे असंच सांगा: 'माझ्याकडे जी माहिती आहे ती वाचनाबद्दलची आहे. त्यावरून मी वडिलांबद्दल लिहिलं, तर समोरचे वकील पाच मिनिटांत माझं पत्र फाडतील आणि त्याबरोबर वाचनाचा खरा अहवालही निकालात निघेल.' हे आईच्या हिताचंही आहे, आणि बहुतेक आयांना पटतं.

वडिलांना माझ्या मते आईच्या लेखी संमतीशिवाय काहीच देऊ नका.

आता मुळाचं. तुमचं घोडं अडलंय ते संमतीपत्रावर. चाचणीच्या आधी सही घेतलेल्या कागदावर हे सगळं मराठीत, साध्या वाक्यांत हवं: चाचणी कुणी सुचवली, कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे, कोणत्या चाचण्या, किती बैठका, फी किती, अहवाल कुणाला मिळेल आणि कुणाला मिळणार नाही, निकाल अमुकच येईल अशी हमी नाही, आणि गुप्तता कोणत्या प्रसंगी मोडावी लागेल. त्याच कागदावर एक ओळ विचारा: 'मुलाच्या ताब्याबाबत किंवा पालकत्वाबाबत कोणत्याही न्यायालयात दावा चालू आहे का? असल्यास आदेशाची प्रत जोडा.' ही एक ओळ असती तर आजचा अर्धा प्रश्न उद्भवला नसता. दावा चालू असेल तर दोघांच्या सह्या घेऊनच सुरुवात करायची. एक जण नकार देत असेल तर न्यायालयाची परवानगी आणायला सांगायचं.

मुलाचीही संमती विचारायची असते, आणि त्याला कळेल अशा भाषेत. 'आज आपण कोडी सोडवणार आहोत, काही शब्दांचे अर्थ सांगायचेत, थोडं वाचायचं आहे. याचे गुण शाळेत जात नाहीत. काही सोपं वाटेल, काही अवघड, सगळं कुणालाच येत नाही. दमलास तर सांग, थांबू. तू सांगितलेलं मी सगळ्यांना सांगत बसणार नाही. पण कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर तुझ्या मदतीसाठी मला ते सांगावं लागेल.' हे वाक्य चाचणीच्या आधीच बोलायचं. नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं होतं.

---

उत्तर : कौटुंबिक_वकील

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. वडिलांबद्दलच्या वाक्याशी मात्र नाही, आणि तिथेच अनेक केंद्रं अडचणीत येतात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये वडील नैसर्गिक पालक आहेत. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही तो दर्जा प्रत्यक्षात मिळेल असा अर्थ लावला, पण म्हणून वडिलांचा दर्जा गेला नाही. (इतर धर्मीयांना त्यांचा वैयक्तिक कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होतो.) मूल आईजवळ राहतं एवढ्यावरून वडिलांचा माहितीचा हक्क संपत नाही, तो न्यायालयाच्या आदेशानेच मर्यादित होतो. तेव्हा 'आई नको म्हणते म्हणून देत नाही' हे उत्तर टिकणारं नाही. उलट, केंद्र एका बाजूचं आहे असा रंग त्याला चढतो.

मात्र वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. नोटिशीला घाबरून फाइल काढून द्यायची नाही, आणि ती कचऱ्यातही टाकायची नाही. मुदतीच्या आत चार ओळींचं उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा: 'आपली नोटीस मिळाली. मूल अज्ञान (१८ वर्षांखालचे) आहे. ताब्याबाबत किंवा भेटीबाबत काही आदेश झाला असल्यास प्रत पाठवावी. प्रतिबंध करणारा आदेश नसल्यास आपल्या अशिलांनी ओळखपत्रासह स्वतः यावे, अहवालाची प्रत समजावून देऊ. मूळ उत्तरपत्रिका व चाचणी-साहित्य न्यायालयाच्या आदेशाशिवाय दिले जात नाही. आदेश झाल्यास सीलबंद सादर करू.' त्याच दिवशी आईलाही हे लेखी कळवा. तिला न्यायालयाकडून मनाई आणायची असेल तर वेळ मिळतो.

इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा. अहवालाच्या पहिल्या पानावर सहसा मुलाचा सध्याचा पत्ता आणि आईचा मोबाइल असतो. आई माहेरी किंवा दुसऱ्या गावी राहत असेल, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण आदेश असेल, तर तो पत्ता उघड करणं धोक्याचं आहे. अशा वेळी प्रत अजिबात देऊ नका, थेट न्यायालयातच सादर करण्याची तयारी दाखवा. एरवीसुद्धा दुसऱ्या पालकाच्या प्रतीवर पत्ता-फोन झाकूनच झेरॉक्स काढा आणि 'पत्ता वगळला आहे' असं समासात लिहा.

समन्स आलं तर? आधी वाचा की कागद मागवलेत की साक्षीला बोलावलंय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ नुसार नुसते कागदही मागवता येतात. 'आमची माहिती गोपनीय आहे' असं सांगून गैरहजर राहता येत नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने जसं संरक्षण आहे, तसं मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्याकडे येणाऱ्या माणसाच्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियम २०२३ मध्ये नाही, आधीच्या १८७२ च्या कायद्यातही नव्हतं. पण हात बांधलेले नाहीत. कागद सीलबंद लिफाफ्यात न्या, सोबत अर्ज द्या: हे साहित्य उघड झालं तर चाचणी निकामी होते, ते न्यायालयाने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे तपासायला द्यावं, पक्षकारांना झेरॉक्स देऊ नये. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ खाली न्यायालय तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं, कलम ११ खाली बंद दाराआड सुनावणी घेता येते. याच कायद्याचं कलम १४ मात्र लक्षात ठेवा: साक्षीच्या नेहमीच्या नियमांत न बसणारा अहवालही वाद सोडवायला उपयोगी वाटला तर न्यायालय तो विचारात घेऊ शकतं. म्हणजे 'हा अहवाल कोर्टासाठी नाही' असा शिक्का मारला म्हणून तो कोर्टाबाहेर राहील असं नाही. अहवालातलं प्रत्येक वाक्य कधीतरी मोठ्याने वाचलं जाणार आहे असं समजूनच लिहावं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं नाव प्रत्येक पत्रात घालण्याची सवय दिसते. त्याचं कलम २३ गुप्ततेचं आणि २५ नोंदी मिळण्याच्या हक्काचं आहे, पण दोन्ही मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी लिहिलेली आहेत. वाचनाच्या अडचणीला तो कायदा आपोआप लागतो असं धरून चालू नका. भारतीय पुनर्वास परिषदेत (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेत) नोंदणी असलेल्यांवर गुप्ततेची जबाबदारी परिषदेच्या १९९८ च्या आचारसंहितेमुळे आहेच. आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी: २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मानसिक आरोग्याची स्थिती ही संवेदनशील माहिती मानली आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीबाबत पालकाची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे.

---

उत्तर : कसोटीपेटी

मी फक्त त्या ८३ बद्दल बोलतो, कारण सगळ्यांचं भांडण त्या आकड्याभोवती आहे आणि तो आकडा वाटतो तितका घट्ट नाही.

बिने-कामत ही चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. आपल्या भाषेतलं ते मोलाचं काम आहे, पण तिचे निकष (मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ते त्या वयाचे सरासरी आकडे) फार जुने आहेत. निकष जुने झाले की आकडा फुगतो. अनेक देशांत दर दशकाला साधारण तीन गुणांची वाढ दिसली आहे. उलट बाजूने, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाला शाब्दिक प्रश्न कोणत्या भाषेत विचारले यावर गुण घसरतात. दोन दोष दोन दिशांना ओढतात, म्हणून नुसत्या ८३ वरून 'कमी' किंवा 'ठीक' काहीच ठासून सांगता येत नाही.

त्यात या चाचणीत बुद्ध्यांक भागाकाराने निघतो: मानसिक वय (मूल ज्या वयापर्यंतचे प्रश्न सोडवतं ते) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. समजा मानसिक वय ८ वर्षं, म्हणजे ९६ महिने, आणि मुलाचं वय ९ वर्षं ८ महिने, म्हणजे ११६ महिने. भागाकार ८२.८, आपण ८३ लिहितो. आता जन्मतारीख चार महिन्यांनी पुढे असेल, म्हणजे वय ११२ महिने असेल, तर तोच आकडा ८५.७ होतो, म्हणजे ८६. मुलाने एकही उत्तर जास्त दिलेलं नाही. आपल्याकडे शाळेत लावलेली तारीख आणि खरी तारीख यांत महिन्यांचं अंतर असणं ही रोजची गोष्ट आहे. तुम्ही वय शाळेच्या ओळखपत्रावरून काढलं की महापालिकेच्या जन्मदाखल्यावरून? आधी ते पाहा.

आणि कोणत्याही चाचणीत आकड्याला पट्टा असतो. विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर गुण किती सारखे येतात) ०.९५ आणि प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ धरलं तर मापनाची प्रमाण त्रुटी ३.३५ येते. ९५ टक्के खात्रीसाठी दोन्ही बाजूंना साडेसहा गुण. म्हणजे ८३ चा अर्थ ७६ ते ९० यांच्या मध्ये कुठेतरी. अहवालात हा पट्टा लिहा. आईला 'दोन गुण वाढवत नाही' एवढंच सांगू नका. 'मी दोन गुण वाढवले तरी तो आकडा तेवढाच हलका राहील, त्याऐवजी योग्य चाचणी पुन्हा होईल असं बघू' असं सांगा. त्यात नकारही आहे आणि वाटही.

कारण तुमचा आकडा प्रमाणपत्रासाठी तसाही शेवटचा नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि प्रमाणपत्र देणारं मंडळ सरकारने ठरवलेल्या रुग्णालयात असतं: बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे मिळून. खासगी केंद्राचा अहवाल तिथे पूरक कागद म्हणून जातो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत बुद्ध्यांकासाठी मलिनची चाचणी किंवा विस्क (मुलांच्या दोन बुद्धिमत्ता चाचण्या) यांची नावं होती आणि ८५ ची रेषही तिथलीच. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, पुन्हा १४ आणि १८ ला तपासणी, असं त्यांत होतं. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या आहेत. पालकांना काही सांगण्यापूर्वी त्यांची प्रत आणि ज्या रुग्णालयात जायचं तिथली सध्याची पद्धत दोन्ही पाहून घ्या.

एक विनंती. तिथे कोणती चाचणी होईल याचा अंदाज घेऊन 'सराव व्हावा' म्हणून ती आधी तुमच्याकडे घेऊ नका. ठोकळ्यांची रचना, चित्रं जुळवणं यांत मूल दुसऱ्या वेळी पटकन जमवतं आणि गुण खोटे वाढतात. दाव्यातल्या मुलांच्या बाबतीत तर आई एका केंद्रात नेते, महिन्याभरात वडील दुसऱ्या केंद्रात नेतात, आणि त्याच ठोकळ्यांचे दोन आकडे न्यायाधीशांपुढे येतात. म्हणून अहवालाच्या डोक्यावरच चाचणीचं पूर्ण नाव, आवृत्ती, तारीख, भाषा, आणि 'या आधी कोणती चाचणी कधी झाली' हे लिहा.

बारीकसारीक गोष्टीही तिथेच लिहायच्या असतात. चष्मा होता का? औषध चालू असेल तर त्या सकाळी घेतलं होतं का? मलिनच्या चाचणीत कोडिंग (वरच्या ओळीत पाहून चिन्हं भरणं) हा वेळ लावून घेण्याचा भाग आहे. डावखुरं मूल लिहिताना स्वतःच्याच हाताने वरची चिन्हांची ओळ झाकतं. प्रत्येक चिन्हाला हात उचलून बघावं लागतं आणि वेळ जातो. चिन्हांची दुसरी प्रत उजव्या बाजूला ठेवली की अडचण संपते. हे केलं नसेल तर गुण वेगाचे नाहीत, हाताच्या आड आलेल्या ओळीचे आहेत. असा एक गुण पुढे प्रमाणपत्राला भिडतो, म्हणून जीव तोडून सांगतो.

---

मनोमापन_कक्ष (मूळ प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे आभार. वय शाळेच्या ओळखपत्रावरूनच काढलं होतं, जन्मदाखला मागवते.

दोन गोष्टी लपवून उपयोग नाही. बिने-कामत प्रशिक्षणार्थीने घेतली, अहवालावर सही मात्र नोंदणीकृत मॅडमची आहे; त्यांनी मुलाला पाहिलेलं नाही. दुसरं: चाचणीच्या वेळी मूल लैंगिक त्रासाबद्दल काही बोललं तर नेमकं काय करायचं, याची आमच्याकडे लेखी पद्धतच नाही. या मुलाच्या बाबतीत तसं काही नाही, पण विचारून ठेवते.

---

उत्तर : कौटुंबिक_वकील

पहिली गोष्ट गंभीर आहे. पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, दिव्यांगांशी संबंधित बाबीत तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देखरेखीखाली प्रशिक्षणार्थीने चाचणी घेणं हे शिक्षणाचा भाग आहे, त्यात गैर नाही. पण अहवाल तसं बोलत नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, 'आपण मुलाला किती वेळ भेटलात?' आणि 'भेटले नाही' या दोन शब्दांवर सगळा अहवाल संपेल.

दुसरी गोष्ट. पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा) कायदा २०१२, कलम १९: गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम २१: न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्याबाबत गप्प राहिल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवल्यास कलम १९ मध्येच संरक्षण आहे. पालकांनी 'घरातलंच आहे, बोलू नका' म्हटलं तरी बंधन सुटत नाही.

---

उत्तर : नोंदवही

त्याला जोडून, कारण इथे चांगल्या हेतूनेच नुकसान होतं. मूल बोललं की आपण तपास सुरू करायचा नाही. 'मग काय झालं? कुठे हात लावला? किती वेळा?' असे प्रश्न विचारत गेलं की मूल आपल्या प्रश्नांतले शब्द उचलतं, आणि पुढे न्यायालयात 'हे मुलाला शिकवलंय' म्हणायला जागा मिळते. चाचणी थांबवा. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा. त्याने जे शब्द वापरले ते, तुम्ही त्याआधी काय विचारलं होतं ते, वेळ आणि खोलीत कोण होतं, हे त्याच तासात हाताने लिहून सही करा. त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असण्याची शक्यता असेल तर मुलाला तिच्या हाती देण्यापूर्वी पोलिसांशी किंवा १०९८ या हेल्पलाइनशी बोला.

प्रशिक्षणार्थीबद्दल: अहवालाच्या शेवटी चाचणी कुणी घेतली, कुणी तपासली आणि निष्कर्ष कुणाचा, ही तीन नावं पात्रतेसह वेगवेगळी हवीत. सही करणाऱ्या व्यक्तीने मुलाला किमान एकदा समोर बसवून पाहिलंच पाहिजे. नुसती उत्तरपत्रिका बघून मूल दमलं होतं की हट्टाला पेटलं होतं, हे कळत नाही. तुमच्या मॅडमनी आता मुलाला बोलावून अर्धा तास बसावं, पालकांशी बोलावं, आणि ते खऱ्या तारखेने नोंदवावं. मागची तारीख टाकण्याचा मोह अजिबात नको.

---

उत्तर : विशेष_शिक्षिका

शाळेला द्यायच्या एक पानी पत्रात काय असावं, ते सांगते. 'मुलाला वाचन व लेखनात मदतीची गरज आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे, शिक्षक ते वाचून फाइलला लावतात. असं लिहा: पहिल्या दोन बाकांवर फळ्यासमोर बसवावं. फळ्यावरचा मजकूर छापील किंवा मित्राच्या वहीवरून घेऊ द्यावा. वर्गात अचानक उठवून मोठ्याने वाचायला लावू नये. इतिहास-भूगोलाच्या चाचणीत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. लेखी उत्तर अपुरं वाटलं तर तोंडी विचारावं. तासाला २० मिनिटं जादा द्यावीत. तीन महिन्यांनी शिक्षकांच्या निरीक्षणावरून पुन्हा पाहू.

शाळा बुद्ध्यांकाचा आकडाच मागत असेल तर का, ते विचारा. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी हवा असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ दाखवा. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. आणि दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय करण्याची जबाबदारी शाळांवर टाकलेली आहे. म्हणजे वरच्या सवलती वर्गात सुरू करायला शाळेने प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. प्रमाणपत्र लागतं ते बोर्डाच्या परीक्षेत.

---

मनोमापन_कक्ष

जन्मदाखला आला. शाळेतली तारीख चार महिने आधीची लावलेली आहे. खरं वय ९ वर्षं ४ महिने, म्हणजे भागाकार ८६ येतो. आता भीती ही, की आईने दोन गुण मागितले आणि आम्ही तीन दिले असं दिसेल. जुना अहवाल रद्द करून नवा द्यायचा का?

---

उत्तर : कौटुंबिक_वकील

जुना अहवाल फाडू नका, संगणकातली फाइलही बदलू नका. नोटीस आल्यानंतर मूळ कागद नाहीसा झाला किंवा त्यावर खाडाखोड झाली, तर चूक बाजूला राहते आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो. पूरक टिपण काढा, आजच्या तारखेचं. त्यात चूक काय, कशी लक्षात आली, जन्मदाखल्याचा नोंदणी क्रमांक, जुनं गणित, नवं गणित. उत्तरपत्रिकेतलं एकही उत्तर बदललेलं नाही, हेही स्पष्ट लिहा. पहिली प्रत ज्या ज्या हातात गेली, त्या प्रत्येकाला हे टिपण पोचवा, आणि वडिलांना प्रत द्याल तेव्हा दोन्ही एकत्र द्या.

कागद किती वर्षं ठेवायचे हेही ठरवून टाका. डॉक्टरांना २००२ च्या नियमांत तीन वर्षं आहेत, ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण मुदत कायदा १९६३ प्रमाणे अज्ञान व्यक्तीची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाते, म्हणून हिशेब १८ अधिक ३ असा धरा. हे मूल २१ वर्षांचं होईपर्यंत उत्तरपत्रिका कुलपात राहिल्या पाहिजेत. त्यानंतर बारीक तुकडे करून नष्ट करायच्या आणि तशी नोंद ठेवायची. रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर मुलाचं नाव असतं.

---

उत्तर : कसोटीपेटी

आणि टिपणात '८३ ऐवजी ८६' एवढंच लिहून थांबू नका. पट्ट्याच्या हिशेबाने ८३ आणि ८६ मध्ये फरक म्हणावा असा फरक नाही. निष्कर्ष वाचनाच्या बॅटरीवर, वहीच्या नमुन्यांवर, शिक्षकांच्या निरीक्षणावर उभा असेल तर आकडा हलला तरी तो तसाच उभा राहील, आणि तसं त्याच टिपणात लिहा. वहीची चार पानं जोडलीत ना? फळ्यावरून उतरवलेलं एक, ऐकून लिहिलेलं एक, पाहून लिहिलेलं एक आणि स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक. नसतील तर मॅडम मुलाला भेटतील त्याच बैठकीत घ्या.